उरलेली लोकर बाहेर काढा : गरजूंसाठी विणायला सुरुवात कशी करायची

विणणाऱ्या प्रत्येक घरात एक पिशवी असतेच. बाळंतविड्याच्या स्वेटरातून उरलेला पिवळा गुंडा, रुखवतातल्या तोरणासाठी आणलेली आणि अर्धीच लागलेली हिरवी लोकर, कुणाच्या तरी मफलरची राखाडी शेवटची लडी. टाकवत नाही, आणि एकेकट्या गुंड्यात पूर्ण असं काही होतही नाही. अशा लोकरीतून दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू करायची असेल आणि हे काम तुम्हाला नवीन असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सुलट टाका, उलट टाका आणि क्रोशाचा साधा खांब एवढं येत असलं की पुरे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनापासून सांगते. पिशवी आधी उघडू नका. "एवढ्या लोकरीत काय होईल?" या प्रश्नापासून सुरुवात केली की हातून बहुतेक वेळा अशी वस्तू होते जी करताना आपल्याला छान वाटतं आणि घेणाऱ्याच्या घरी कोपऱ्यात पडून राहते. आधी घेणारा ठरवा, त्याला काय लागतं ते विचारा, आणि मग पिशवीकडे वळा. उरलेल्या लोकरीने रंग ठरवावा, वस्तू ठरवू नये.

आधी विचारा

ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटाजवळ २००१ साली तेलगळती झाली, तेव्हा तेलाने माखलेल्या छोट्या पेंग्विनांना लोकरीचे स्वेटर घालत असत. चोचीने पिसं साफ करताना त्यांच्या पोटात तेल जाऊ नये, म्हणून. ही बातमी पसरली आणि जगभरातल्या विणणाऱ्यांनी स्वेटर पाठवले, इतके की गरज भागून ढीग उरला. तिथल्या संस्थेने जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून निधीसाठी विकले. पाठवणाऱ्या प्रत्येकीची माया खरी होती, पण "अजून हवेत का?" हे कितीजणींनी विचारलं असेल?

आपल्याकडे विचारायच्या जागा जवळच असतात. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा. गावात असाल तर आशाताई आणि अंगणवाडीताईंना कुठल्या घरात काय कमी आहे ते नेमकं ठाऊक असतं. 'गूंज'सारख्या संस्था गरम कपडे घेतात, पण त्यांच्याही त्या-त्या वेळच्या गरजा असतात, त्यामुळे पाठवण्याआधी विचारलेलंच बरं. विचारताना पाच गोष्टी वहीत लिहून घ्या : वस्तू कोणती, माप काय, सुती चालेल की अ‍ॅक्रिलिक, तिथे कपडे कसे धुतात, आणि किती नग कधीपर्यंत हवेत. काही रुग्णालयं जंतुसंसर्गाच्या भीतीने बाहेरचे हातविणीचे कपडे घेतच नाहीत. नकार मिळाला तर आग्रह करू नका, दुसरीकडे विचारा.

नव्या हातांसाठी मी दोन कामं सुचवते. पहिलं, कमी वजनाच्या बाळांच्या टोप्या. दुसरं, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कानटोप्या आणि पांघरुणं. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि कर्नाटकाकडे जातात. उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात, तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते, आणि लहान मुलं आईबापांबरोबर त्याच थंडीत असतात. या मुलांपर्यंत पोचायचं तर साखरशाळेतले (ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या शाळेतले) शिक्षक, जवळच्या झेडपी शाळेचे गुरुजी किंवा टोळीचे मुकादम यांच्याशी आधी बोलावं लागतं. टोप्या दिवाळीपर्यंत तयार हव्यात, म्हणजे विणायला बसायचं ते पावसाळ्यातच.

पिशवी उघडा आणि लोकर वेगळी करा

या पायरीला घाई करू नका. पुढचं सगळं काम हिच्यावर उभं आहे.

आपण ज्याला सर्रास लोकर म्हणतो ती बाजारात बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. लेबल हरवलेलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या सिंकवर, शेजारी पाणी ठेवून, जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती ज्योत काढल्यावर लवकर विझते, आणि उरलेली राख बोटाने चुरडते. सुती धागा कागदासारखा जळतो, मागे मऊ करडी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. मणी गार होईपर्यंत हात लावू नका.

हा शेवटचा फरक आपल्या कामात फार मोठा आहे. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असतं, धुवायला सोपं, त्याला कसर लागत नाही, म्हणून रोजच्या वापराच्या टोप्यांना ते चांगलं. पण पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. कोपीसमोर तीन दगडांची चूल असते आणि थंडीत मुलं शेकोटीला बिलगून बसतात. म्हणून या मुलांसाठी लोंबणारी टोकं, झालरी, गोंडे, लांब मफलर काहीही करू नका. डोक्याला घट्ट बसणारी कानटोपी करा. पांघरुणासाठी खरी लोकर पुरेशी साठली असेल तर ती तिथे वापरा, कारण ती सहज पेट घेत नाही.

मग जाडी. पुड्यावर ४ प्लाय लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांच्या ४ प्लायची जाडी सारखी असेलच असं नाही. सहा इंची पट्टीवर धागा शेजारी शेजारी, न ओढता, एक इंच भरेल इतका गुंडाळा आणि वेढे मोजा. ज्यांचे वेढे सारखे, ते एका गटात. बारीक लोकर वाया जाणार नाही : दोन पदर एकत्र धरून विणलं की ती जाड लोकरीच्या गटात बसते, आणि दोन रंगांचे पदर घेतले तर मिसळीचा सुंदर रंग येतो.

प्रत्येक गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि वजन चिठ्ठीवर लिहून गुंड्यात खोचा. पहिली टोपी झाली की तिचंही वजन करा. टोपीला किती ग्रॅम लागली हे एकदा कळलं की कुठल्या गुंड्यात पूर्ण टोपी निघेल आणि कुठला फक्त पट्ट्यांना जाईल, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

जुना हातविणीचा स्वेटर उसवूनही छान लोकर मिळते. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात साबण घालून भिजवा, निथळून सावलीत टांगा आणि लडीच्या खालच्या टोकाला एखादा हँगर अडकवा. त्या भाराने धाग्यातली वळणं जातात. दुकानातला मशीनचा स्वेटर उसवायला घेण्याआधी आतली शिवण बघा. कापड कापून ओव्हरलॉक केलेलं असेल तर प्रत्येक ओळीला धागा तुटलेला निघतो. तो स्वेटर तसाच कुणाला तरी वापरायला द्या.

आणि एक इशारा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डांबरगोळ्यांत ठेवलेली लोकर नवजात बाळासाठी घेऊ नका. काही बाळांच्या रक्तात जन्मापासूनच जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. डांबरगोळ्यांमधलं नॅफ्थलीन श्वासावाटे किंवा कातडीवाटे अशा बाळाच्या शरीरात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. ती लोकर धुऊन, बरेच दिवस हवेवर टाकून मोठ्यांच्या वस्तूंना वापरा.

बाळाची टोपी

जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या बाळाच्या अंगावर चरबी कमी असते, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं. तिथून ऊब झपाट्याने जाते. म्हणून बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात, त्या 'कांगारू' पद्धतीत बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढंच असतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीला कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज ती आपल्या जिल्हा रुग्णालयांतही वापरली जाते. या टोपीला नक्षी लागत नाही. तिचं माप बरोबर हवं आणि ती मऊ हवी.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंमी असतो, २ किलोच्या बाळाचा साधारण ३० ते ३१, आणि दीड किलोच्या बाळाचा साधारण २८. टोपी घेरापेक्षा ३-४ सेंमी लहान करायची, म्हणजे ताणून नीट बसते. सैल टोपी घसरून नाकातोंडावर येते, त्यापेक्षा टोपी नसलेली बरी.

वीण घ्या ती दोन सुलट, दोन उलट, म्हणजे आपली बॉर्डरचीच वीण. ती ताणते, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेते. आधी १० नंबरच्या सुयांवर ३० टाक्यांचा नमुना विणा, हलका ताणून १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. समजा २४ बसले. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ३० सेंमी घेर हवा, म्हणजे ७२ टाके. त्यात शिवणीचे २ मिळवा : ७४. तुमचा आकडा वेगळा येईल. फक्त शिवणीचे दोन सोडून बाकीच्याला ४ ने भाग जायला हवा.

७४ टाके सैल हाताने घाला. पहिली ओळ दोन सुलट, दोन उलट, शेवटी दोन सुलट. परतीच्या ओळीला दोन उलट, दोन सुलट, शेवटी दोन उलट. अशा ओळी १३ सेंमी होईपर्यंत विणा. लहान बाळासाठी ११ सेंमी पुरे. आता सुलट बाजूने पूर्ण ओळ दोन-दोन टाके एकत्र सुलट विणा, ३७ राहतील. परतताना एक टाका उलट, मग दोन-दोन एकत्र उलट, १९ राहतील. धागा हातभर ठेवून तोडा, बोथट सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून घट्ट ओढा, गाठ पक्की करा आणि त्याच धाग्याने बाजू शिवा. शिवण सपाट हवी. टाक्याला टाका जोडत शिवा, आत कड उभी राहू देऊ नका, कारण बाळ तासन् तास त्याच कुशीवर असतं.

रंग बदलायचा असेल तर ओळीच्या सुरुवातीला बदला, म्हणजे टोकं शिवणीत जातात. गुंडा संपत आला असेल तर धागा रुंदीच्या साधारण चौपट उरलाय का ते बघूनच पुढची ओळ सुरू करा. मधेच गाठ मारू नका. गाठ छोटी दिसली तरी नाजूक कातडीला टोचते.

बाळाच्या कुठल्याही वस्तूला नाडी, बटण, मणी, गोंडा नको. केसाळ, झुबकेदार लोकर नको, तिचे तंतू नाकातोंडात जातात. जाळीची वीणही नको. मोजे केलेत तर ते उलटे करून आतून बघा : एखादा सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर बोटाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, आणि बाळ का रडतंय ते लवकर लक्षातही येत नाही. दोन रंगांची नक्षी आतून धागे सोडते, म्हणून मोज्यात ती नको. टोपी देताना आईला हेही सांगायला हवं की ती मांडीवर आणि छातीशी असतानाच घालायची. घरी बाळ एकटं झोपलेलं असताना ती काढून ठेवायची.

मोठ्या मुलांची कानटोपी याच हिशेबाने होते. ३ ते १० वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण ५० ते ५३ सेंमी धरा, टोपी ४६ सेंमी, आणि कान पूर्ण झाकले जातील इतकी खोल. कडेला ६-७ सेंमी जास्त विणून दुमड द्या. ती कानावर दुहेरी ऊब देते आणि मूल वाढलं की उलगडता येते. इथे ८ नंबरच्या सुया आणि दोन पदरी लोकर घेतली तर काम भराभर होतं.

चौकोनांचं पांघरूण

फार थोडी थोडी लोकर असेल, किंवा चार-पाच मैत्रिणी मिळून करणार असाल, तर चौकोन. अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेल्या 'वॉर्म अप अमेरिका' या उपक्रमाने सात इंच बाय नऊ इंचाचा तुकडा ठरवून दिला आणि असे ४९ तुकडे जोडून एक पांघरूण करायची रीत घातली. आपल्याकडे २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनीज विक्रम केला. तेही अनेकींनी आपापल्या घरी विणलेल्या तुकड्यांचंच होतं. एवढ्या हातांचं काम एकत्र येतं, कारण माप आधी ठरलेलं असतं.

मुलाच्या पांघरुणासाठी २० सेंमीचे ३५ चौकोन, पाच बाय सात, म्हणजे १०० बाय १४० सेंमी. चार साखळ्यांचं कडं करा. त्यात तीन साखळ्या (हा पहिला खांब), दोन खांब, दोन साखळ्या, मग तीनदा 'तीन खांब, दोन साखळ्या', आणि जोडून घ्या. पुढच्या प्रत्येक फेरीला कोपऱ्यात 'तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब', आणि मधल्या प्रत्येक जागेत तीन खांब. मधे साखळी घालू नका, म्हणजे पांघरूण भरीव होतं आणि वारा कमी शिरतो.

इथे बहुतेकींचं चुकतं ते फेऱ्या मोजण्यात. लोकरीची जाडी वेगळी असेल तर सारख्या फेऱ्यांचे चौकोन लहानमोठे होतात आणि जोडताना पांघरूण गोळा होतं. म्हणून पुठ्ठ्याचा २० सेंमीचा चौकोन कापून सगळ्यांना एकेक द्या. विणकाम त्यावर ठेवून १८ सेंमीला थांबा. शेवटची फेरी सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची, एकाच जाडीच्या लोकरीची घाला. थोडा फरक असेल तर ती फेरी मुक्या खांबाची किंवा अर्ध्या खांबाची (हे दोन्ही साध्या खांबापेक्षा आखूड) करून माप गाठता येतं. एवढी एकच लोकर विकत आणावी लागली तर आणा. गडद निळी किंवा मरून घ्या. मातीत वापरायच्या वस्तूला पांढरी कड टिकत नाही, आणि एका रंगाच्या चौकटीत बसले की न जुळणारे रंगही एकमेकांशेजारी बरे दिसतात.

टोकं मात्र प्रत्येकीने आपापल्या चौकोनाची तिथल्या तिथे लपवावीत. सुईने एकदा उजवीकडे, मग उलट दिशेला, मग आडवं. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, एकाच दिशेला ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं आणि तिथूनच चौकोन उसवतो.

एक काम थोडं थांबून करायचं

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी विणलेले, आत मऊ फायबर भरलेले हलके कृत्रिम स्तन करता येतात. सिलिकॉनचे जड असतात, उन्हाळ्यात गरम होतात आणि अनेकींना परवडत नाहीत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बार्बरा डेमोरेस्ट यांनी २०११ साली स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर हे काम उभं केलं. मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन भारतातल्या बायकांना असे स्तन मोफत देते. पण त्याला ठरावीक मऊ सुती धागा आणि अचूक माप लागतं. पिशवीतली कुठलीही लोकर इथे चालत नाही. जखमेच्या व्रणाला लागणारी वस्तू आहे ती. हात बसला की संस्थेकडून कृती घ्या आणि धागा त्या सांगतील तोच वापरा.

देण्याआधी

सगळं धुवा. सौम्य, बिनवासाची साबणपूड, भरपूर पाणी, दोनदा खळबळून काढणं. फॅब्रिक कंडिशनर किंवा अत्तर नको. पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आडवं वाळवा. उभं टांगलं तर पांघरूण लांब होतं. घरात मांजर-कुत्रा असेल किंवा कुणी सिगारेट ओढत असेल तर बाळाच्या वस्तू विणतानाही बंद पिशवीत ठेवा.

मग ताणून बघा. टोपी दोन्ही हातांनी ओढा, शिवण आणि टोक ओढा. जे सुटायचं ते तुमच्या हातात सुटू दे. स्वतःच्या मुलाला घातली नसती अशी वस्तू गठ्ठ्यात घालू नका, ती उसवा आणि लोकर परत पिशवीत टाका.

मापाप्रमाणे वेगवेगळे गठ्ठे बांधा, सिस्टरना गर्दीच्या वेळी शोधत बसायला लागू नये. प्रत्येक गठ्ठ्यात मराठीत ठळक चिठ्ठी ठेवा : 'अ‍ॅक्रिलिक. थंड पाण्यात धुवा. इस्त्री नको. चुलीपासून, शेकोटीपासून लांब ठेवा.' कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांनाही मराठी वाचता येते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ज्योतीच्या चित्रावर फुली काढा. वाटताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. टोप्या सतरंजीवर पसरून ठेवा आणि ज्याला जो रंग आवडेल तो उचलू द्या.

महिन्याभराने पुन्हा फोन करा. काय फाटलं, काय घसरलं, कुठलं माप कमी पडलं, धुतल्यावर काय आटलं, हे सिस्टर आणि गुरुजीच सांगू शकतील. ते वहीत पहिल्या पानावर लिहा आणि पुढच्या टोप्यांचे टाके त्या हिशेबाने घाला.